लग्नचौकातील पालघाट: वारली भिंतीवरील देवी, रान आणि शांतता

उत्तर कोकणात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागापासून डहाणू-तलासरीच्या सखल पट्ट्यापर्यंत आणि पुढे गुजरातच्या सीमेपलीकडेही वारली समाजाची वस्ती आहे. या समाजात लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे चित्र काढले जाते त्याला लग्नचौक म्हणतात, आणि हा चौक पूर्ण झाल्याशिवाय लग्न लागत नाही. चौकाच्या मध्यभागी पालघाट ही देवी असते आणि तिच्या चौकटीबाहेर झाडे, पशुपक्षी, माणसे, सूर्य आणि चंद्र असतात. भारतीय लोकचित्रकलेवरील लेखनात स्त्री आणि निसर्ग यांना शांततेची प्रतीके मानण्याची प्रथा रूढ झाली आहे आणि पालघाटाचा चौक हे तिचे सहज सुचणारे उदाहरण आहे. मात्र चौक कोण काढते, कशासाठी काढते आणि गेल्या दीडशे वर्षांत तो काढणाऱ्या घरांवर काय गुदरले याचा विचार केला, तर त्यातली शांतता सुखी वनजीवनाचे वर्णन म्हणून वाचता येत नाही. ती दर लग्नात, दर पिढीत नव्याने मागून घ्यावी लागणारी गोष्ट होती आणि ती मागण्याचा अधिकार स्त्रियांच्या हाती होता.

जुन्या वारली घराच्या भिंती कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्यांच्या कुडाच्या असत. कुडावर माती आणि शेण यांचा लेप देऊन तो वाळला की त्यावर गेरूचा हात फिरवला जाई आणि त्या तांबड्या-तपकिरी पृष्ठभागावर पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठाने चित्र काढले जाई. कुंचला म्हणून टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी पुरेशी असे. मिथिलेत किंवा राजस्थानात दिसणारे रंगांचे वैविध्य येथे नाही. पांढरा हा एकच रंग आहे आणि तो धान्याचा आहे. वारली श्रद्धेत धान्य ही कणसरी नावाची देवी आहे, आणि घांगळी या तंतुवाद्याच्या साथीने भगत तिची गाणी गातात. ज्या पिठाने देवीची आकृती काढायची ते पीठही एका देवीचेच रूप असल्यामुळे चित्र आणि त्यात दाखवलेली वस्तू यांच्यातले अंतर येथे फार कमी उरते. हे पीठ टिकाऊ नाही. धूर, ओल आणि कीड यांनी ते झडते, भिंत पुन्हा सारवली की चित्र जाते, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही, कारण चौकाचे काम लग्नापुरते असते.

चौक म्हणजे चौकोनी चौकट. वारली चित्रांचा सखोल अभ्यास करून १९८८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या यशोधरा डालमिया यांच्या लेखनापासून एक विवेचन सर्वत्र मान्य झालेले आहे: वर्तुळ सूर्यचंद्रावरून आले, त्रिकोण डोंगर आणि झाडांच्या शेंड्यांवरून आला, चौकोन मात्र निसर्गात कोठे आढळत नाही, तो माणसाने आखलेल्या पवित्र जागेचा आकार आहे. या विवेचनाचा पहिला भाग सोपा आणि थोडा सरधोपट वाटतो. दुसरा मात्र लग्नचौकापुढे उभे राहिल्यावर पटतो. चौकाच्या कडा साखळीसारख्या रेषा, जाळ्या आणि त्रिकोणांच्या रांगा यांच्या अनेक पदरांनी भरलेल्या असतात, आणि हे पदर इतक्या बारकाईने विणलेले असतात की आतल्या देवीपेक्षा चौकटीवर अधिक वेळ आणि श्रम खर्च झालेले दिसतात. आतील जागा सुरक्षित राहावी यासाठीच एवढी तटबंदी असते.

पालघाट हे नाव पालवीने भरलेल्या, ओसंडणाऱ्या घटाशी जोडले जाते आणि देवीच्या आकृतीतही काही वेळा घटाचा डौल दिसतो. ती समोरून दाखवलेली असते. दोन्ही हात वर उचललेले आणि पाय दोन बाजूंना रोवलेले असतात. चौकटीबाहेरचे सारे जग हलते असते: वाजंत्री वाजवतात, नवरानवरी घोड्यावर बसून येतात, बायका कांडतात, माकडे झाडावर चढतात, ताडाच्या झाडाला मडकी लटकतात. या धावपळीच्या मध्ये फक्त देवी स्थिर आहे. शांततेचा अनुभव चित्रभाषेतून देण्याचे हे साधन फार समर्थ आहे, कारण देवीचे स्थैर्य बाहेरच्या गतीमुळेच जाणवते आणि बाहेरची गती देवीच्या स्थैर्याभोवतीच फिरते. वरच्या कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र असतात, शिवाय फणी, शिडी, बाशिंग अशा लग्नाशी संबंधित वस्तू असतात. सूर्यचंद्र आणि फणी या गोष्टी एकाच भिंतीवर, जवळजवळ सारख्याच आकारात येतात, यावरून विश्वाची आणि घराची मापे वेगळी करण्याची गरज या चित्रकर्तींना वाटत नव्हती असे म्हणता येते.

महाराष्ट्राच्या वाचकाला या आकृतीचे नाते ओळखीचे वाटेल. अश्विनातल्या घटस्थापनेत मातीच्या घटाभोवती धान्य रुजवून त्याची पूजा केली जाते. तेर येथे सापडलेल्या मातीच्या मूर्तींत, मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या मातृदेवतेच्या मूर्ती आहेत, आणि रा. चिं. ढेरे यांनी आपल्या ‘लज्जागौरी’ या १९७८ च्या ग्रंथात भूमी, घट आणि स्त्रीची सर्जनशक्ती यांच्या एकरूपतेचा विस्ताराने शोध घेतला आहे. पालघाट ही लज्जागौरीपासून आली किंवा लज्जागौरी पालघाटासारख्या एखाद्या देवीपासून आली असे सिद्ध करणारा पुरावा नाही आणि तसा दावा करण्याची आवश्यकताही नाही. एवढे मात्र दिसते की नांगरलेल्या जमिनीवर जगणाऱ्या समाजांनी दख्खनमध्ये आणि कोकणात एकच विचार वेगवेगळ्या माध्यमांत पुन्हा पुन्हा मांडला.

लग्नचौकाच्या शेजारी अनेकदा एक छोटा चौक असतो, त्याला देवचौक म्हणतात. त्यात पाचशिऱ्या हा रक्षक देव असतो. तो कधी घोड्यावर स्वार असतो, कधी उभा असतो, आणि काही चौकांत त्याला डोकेच नसते. मानेच्या जागी धान्याचे पाच अंकुर उगवलेले असतात. शस्त्रधारी वीराच्या धडातून पीक उगवावे ही कल्पना वारली चित्रविश्वातील सर्वांत विलक्षण कल्पनांपैकी एक आहे आणि तिच्याकडे झाले तेवढे दुर्लक्ष अनाठायी आहे. मोठी चौकट देवीची आणि बाजूची छोटी चौकट रक्षकाची, या मांडणीत पुरुषदेवाचे स्थान निश्चित केलेले आहे: तो पहाऱ्यावर आहे, आणि त्याचे शौर्यही अखेर पिकातच रूपांतरित होते.

चौक काढण्याचे काम सवाशिणींचे, म्हणजे पती हयात असलेल्या विवाहित स्त्रियांचे असते. लग्नाचे पौरोहित्य धवलेरी करते. धवलेरी ही वारल्यांची स्त्री-पुरोहित असून तिला लग्नविधीची दीर्घ गाणी मुखोद्गत असतात. देवांना एकेकाला नावाने लग्नाला बोलावण्याचे, नवरानवरीला विधीतून नेण्याचे आणि अखेर लग्न लावण्याचे काम ती करते. ब्राह्मण पुरोहिताची या लग्नाला गरज नाही. पुरुषांपैकी भगत, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो जाणकार, या प्रसंगी उपस्थित असतो आणि चौकासमोर त्याच्या अंगात देव संचारतात. पण ज्या चौकासमोर ते संचारतात तो बायकांनी काढलेला असतो आणि ज्या गाण्यांनी त्यांना बोलावले जाते ती बाईच्या तोंडची असतात. त्यामुळे येथे स्त्रीत्व हे केवळ चित्राचा विषय राहत नाही. चित्रातील देवी, चित्र काढणारी सवाशीण आणि मंत्राधिकार असलेली धवलेरी अशी तीन पदरी स्त्रीसत्ता लग्नघरात काही दिवस नांदते, आणि शांततेचे प्रतीक म्हणून स्त्रीची आकृती निवडणाऱ्या इतर अनेक परंपरांपेक्षा वारली परंपरा या मुद्द्यावर वेगळी ठरते.

या सत्तेची गरज का होती, याचे उत्तर वारली देवांच्या स्वभावात आहे. हे देव सहज प्रसन्न होणारे नाहीत. पावसाचा नारनदेव, घरातला हिरवा, हिमाय, वाघ्या आणि अतृप्त मृतात्मे यांच्याशी नाते कायम सांभाळावे लागते. ते बिघडले तर रोग येतो, पाऊस लांबतो, मूल दगावते. गावाच्या वेशीवर वाघोबाची लाकडी किंवा दगडी फळी उभी असते, तिच्यावर वाघाबरोबर सूर्यचंद्रही कोरलेले असतात, आणि अश्विनातल्या वाघबारशीला त्याची पूजा होते. ज्या रानात माणसे लाकडासाठी, मधासाठी, शिकारीसाठी जातात त्याच रानाचा वाघ हा मालक आहे हे त्यात मान्य केलेले असते. पावसाळ्यातली पहिली कोवळी रानभाजी आणि नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, हा नियमही याच जातीचा आहे. तो पाळल्यामुळे रोप वाढायला अवधी मिळतो हे आजच्या अभ्यासकाला दिसते. वारल्यांच्या दृष्टीने तो देणेघेणे नीट ठेवण्याचा भाग आहे. निसर्ग मुळातच शांत असतो असे मानणाऱ्या नागर दृष्टीचा येथे मागमूस नाही. रान भयंकर आहे, उदार आहे आणि त्याच्याशी करार करता येतो, अशी ही समजूत आहे, आणि दोन कुळांतला नवा करार, म्हणजे लग्न, जुळत असताना या मोठ्या करारालाही साक्षी ठेवावे लागते. भिंतीवर रानातील सर्व जीव येतात ते या साक्षीसाठी.

मिथिलेतील कोहबर या भित्तिचित्राशी लग्नचौकाची तुलना उद्बोधक आहे. कोहबर-घर म्हणजे नवविवाहित जोडपे लग्नानंतरच्या पहिल्या रात्री जेथे घालवते ती खोली, आणि तिच्या भिंतीवर स्त्रिया कमळाचा वेल, बांबू, मासे, कासवे, पोपट, साप, सूर्य आणि चंद्र काढतात. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात बिहारमधील घरे कोसळली, त्या पडझडीची पाहणी करताना विल्यम आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्याला घरांच्या आतल्या भिंती उघड्या पडलेल्या दिसल्या, आणि १९४९ मध्ये त्याने ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. आर्चरने कमळ आणि बांबू यांत स्त्रीपुरुषांच्या शरीराची प्रतीके पाहिली. नंतरच्या अभ्यासकांनी मैथिल स्त्रियांचे म्हणणे ऐकून कमळाच्या मुळा-देठासकट विस्तारणाऱ्या वेलीचा आणि बांबूच्या बेटाचा अर्थ वंशवृद्धीच्या अंगाने लावला. दोन्ही चित्रांत लग्न, धान्य-वनस्पती आणि सूर्यचंद्र एकत्र येतात, दोन्ही ठिकाणी चितारणाऱ्या हातांना स्त्रीत्वाची अट आहे, आणि दोन्ही चित्रे घराच्या सर्वांत आतल्या जागी असतात. फरक असा की मिथिलेच्या भिंतीवर देवीची प्रतिमा अनिवार्य नाही, तेथे वेलच प्रधान आहे. वारल्यांच्या भिंतीवर देवीवाचून चौक पुरा होत नाही.

लग्नचौक ज्या घरांत काढला जात होता त्या घरांची एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील स्थिती लक्षात घेतल्यावाचून या चित्राचा इतिहास अपुरा राहतो. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातील मोठी वनक्षेत्रे सरकारी नियंत्रणाखाली गेली. राबासाठी, म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडण्याच्या जुन्या वहिवाटीवर बंधने आली, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून एवढ्या तक्रारी झाल्या की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जमिनी याच काळात सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्याकडे सरकत गेल्या. चित्रातली झाडे ज्यांनी काढली त्यांचा त्या झाडांवरचा हक्क अशा रीतीने उणावत गेला.

याहूनही दारुण गोष्ट लग्नाशीच निगडित होती. लग्नाच्या खर्चासाठी आणि मुलीच्या बापाला द्यायच्या देजासाठी, म्हणजे वधूमूल्यासाठी, वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज घेई आणि ते फेडण्यासाठी त्याच्या घरी आणि शेतावर राबे. व्याजाचा हिशेब त्याच्या हाती नसल्यामुळे कर्ज फिटत नसे, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही बांधली जाई. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. खर्च परवडत नाही म्हणून अनेक जोडपी लग्नाशिवाय संसार थाटत आणि विधी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकत, हेही याच दारिद्र्याचे फळ होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींविषयी जो अहवाल दिला त्यात या गुलामीसदृश व्यवस्थेची नोंद आहे, आणि किसान सभेच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात वेठ, मारहाण आणि जमीनदारांकडून वारली स्त्रियांवर होणारे अत्याचार यांचे प्रत्यक्ष पाहिलेले चित्र आहे.

हे ध्यानात घेऊन लग्नचौकाकडे पाहिले की त्याचे गांभीर्य वाढते. ज्या रात्री सवाशिणी भिंतीवर पालघाट काढत होत्या त्याच रात्रीच्या खर्चापोटी नवरदेवाचे पुढचे आयुष्य गहाण पडलेले असे. ज्या समाजातील बाईचे शरीर जमीनदाराच्या आवारात सुरक्षित नव्हते त्या समाजाने बाईच्या शरीराची देवी करून तिच्याभोवती इतक्या पदरांची चौकट आखली, या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत. चौक त्या अत्याचाराचे उत्तर म्हणून जन्मला असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्याची परंपरा त्याहून जुनी असणार; परंतु त्या काळात तो काढणाऱ्या हातांना चौकटीचा अर्थ अधिक तीव्रतेने कळत असेल, हे मान्य करावे लागते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला वारली प्रतिनिधी गेले. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी सभा झाली, आणि वेठबिगार व लग्नगड्याची प्रथा झुगारून देण्याचा निर्धार पाड्यापाड्यांवर पसरला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मारले गेले. लढा १९४७ पर्यंत चालला आणि लग्नासाठी माणूस विकण्याची पद्धत त्याने मोडली. या चळवळीला वारली चित्रकलेच्या इतिहासात सहसा जागा दिली जात नाही. ती द्यायला हवी, कारण शांततेने लग्न लावून शांततेने घर करण्याचा जो हक्क चौक पिढ्यान्‌पिढ्या मागत होता, तो माणसांच्या जगात या लढ्याने मिळवला.

वारली चित्रकला किती जुनी आहे याविषयी मोठमोठे आकडे सांगितले जातात. कोणी ती दहाव्या शतकातील म्हणते, तर कोणी तिचे मूळ अश्मयुगीन गुहाचित्रांत शोधते. भीमबेटका येथील मानवाकृतींशी तिचे साम्य आहे हे खरे, पण साम्यावरून वंश सिद्ध होत नाही, आणि जी भिंत दर काही वर्षांनी सारवली जाते तिच्यावर तारीख लावता येत नाही. परंपरेला मोठेपण मिळावे म्हणून तिच्यावर सहस्रके लादण्याची गरज नाही. कोणत्या काळातील कोणत्या हातांनी ती जिवंत ठेवली, एवढे कळले तरी पुष्कळ आहे.

या कलेची भिंतीबाहेरची कहाणी मात्र तारखांनिशी सांगता येते आणि तिच्यात मिथिला व वारली यांना जोडणारा एक मराठी माणूस आहे. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील स्त्रियांना मिळकतीचे साधन मिळावे म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मिथिलेत पाठवले. त्यांनी स्त्रियांना कागद दिला आणि भिंतीवरचे चित्र कागदावर काढण्यास उद्युक्त केले. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस तेच कुलकर्णी डहाणू परिसरात वारल्यांमध्ये आले आणि येथेही त्यांनी कागद आणि गेरू पुढे केले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे यांची असामान्य प्रतिभा त्यांच्या नजरेत भरली. म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले आणि ते मातीत आकृत्या काढून मन व्यक्त करत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

म्हसे यांच्या चित्रांत चौक मध्यवर्ती राहिला नाही. मासे पकडण्याचे प्रचंड जाळे, मुंग्यांची वारुळे, शेतातली लावणी, आणि तारपा, म्हणजे दुधीभोपळा आणि बांबू यांपासून केलेले फुंकवाद्य, वाजवणाऱ्याभोवती वळत जाणारी नाचाची रांग हे त्यांचे विषय होते. भिंतीवर चौकटीबाहेर असलेले गतिमान जग त्यांनी कागदाच्या मध्यभागी आणले आणि असंख्य बारीक ठिपके व तुटक रेषा यांतून ते थरथरते ठेवले. त्यांच्या कर्तृत्वाचे मोल निर्विवाद आहे. विधीतून सुटलेल्या चित्राला स्वतःचे जीवन देणे हे थोर काम होते. परंतु याच वळणावर एक गोष्ट निसटली. कागदावर देवीला बोलावायचे नसल्यामुळे सवाशीण असण्याची अट उरली नाही. मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या, प्रदर्शने, पैशाचे व्यवहार पुरुषांना सोपे गेले, आणि एका पिढीत वारली चित्रकार म्हणजे वारली पुरुष असे चित्र तयार झाले. मिथिलेत तसे घडले नाही. तेथे कागदावरही स्त्रियांची नावे उमटली: जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये, सीता देवी यांना १९८१ मध्ये आणि गंगा देवी यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि गंगा देवींनी आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या कर्करोगावरील उपचारांची चित्रमालिका त्याच परंपरागत रेषेत काढली. वारली स्त्रियांपैकी ज्यांनी सुरुवातीला कागद हाती घेतला त्यांची नावे मात्र जाणकारांच्या बाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत, आणि ज्यांनी कधी कागद घेतलाच नाही, भिंतीच लिहिल्या, त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको.

बाजाराने पुढची निवड केली. साड्या, चहाचे पेले, सरकारी कचेऱ्यांच्या भिंती आणि दिवाळीच्या भेटवस्तू यांवर तारपा-नाचाचे वर्तुळ सर्वाधिक दिसते. पालघाट क्वचितच दिसते. एका अर्थी हे बरेच आहे, कारण देवीची आकृती कोणत्याही वस्तूवर छापली जाणे पाड्यावरच्या माणसांना रुचणारे नाही. पण त्यामुळे नागर घरांत जी वारली शांतता पोहोचली ती नाचणाऱ्या, चिंतामुक्त माणसांची आहे. भय, करार, कर्ज आणि संरक्षण यांचा तिला स्पर्श नाही. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या नावाने चित्रे विकण्याचा कायदेशीर हक्क त्या प्रदेशातील समाजाशी जोडला गेला, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही घटनांनी वारल्यांची सार्वजनिक ओळख ठळक केली. आता सिमेंटच्या भिंतींच्या घरांत गेरूसारवणाची जागा कमी होत आहे आणि लांबलचक विधींना वेळ देणारी लग्ने विरळ होत आहेत, तरी अनेक पाड्यांवर धवलेरी आहेत आणि चौकही काढला जातो.

या परंपरेचा इतिहास लिहिताना चित्र, गाणे आणि विधी यांची नोंद एकत्र व्हायला हवी. चौकाचे छायाचित्र एका पुस्तकात, धवलेरीची गाणी दुसऱ्यात आणि लग्नगड्यांची हकिगत तिसऱ्यात, अशी आजची स्थिती आहे, आणि त्यामुळे प्रत्येक पुस्तकातली शांतता वेगळीच आणि अर्धीच वाटते. मराठी विद्यापीठांतील लोकसाहित्य, इतिहास आणि कला या विषयांच्या अभ्यासकांनी पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर वारली तरुण-तरुणींना सोबत घेऊन हे काम हाती घ्यावे, आणि प्रत्येक चौकाखाली तो काढणाऱ्या सवाशिणींची नावे, त्यांची संमती घेऊन, लिहावीत.